काजू-कोकम विक्रीच्या संकेतस्थळासाठी अंतर्गत दुव्यांची आखणी कशी करावी?

प्रश्न : काजूगर_डिचोली

नमस्कार. डिचोली तालुक्यात आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे आणि त्याच्या जोडीला कोकम आगळ (कोकमाचा दाट रस), आमसुले व सरबत ही उत्पादनेही आम्ही विकतो. दुकानातील विक्री पर्यटकांच्या हंगामावर हेलकावे खाते, म्हणून मिठाईवाले, केटरर आणि गोव्याबाहेरचे किरकोळ दुकानदार यांच्याकडून वर्षभर घाऊक मागणी यावी, हा संकेतस्थळ काढण्यामागचा आमचा मुख्य हेतू होता. संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे, विक्रीसाठी वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचे साधन जोडलेले आहे आणि मराठी व इंग्रजी मिळून सुमारे १४० पाने झाली आहेत. त्यांत उत्पादनांची पाने आहेत, पाककृती आहेत, काजूच्या प्रतींविषयी (दर्जांविषयी) एक सविस्तर लेख आहे, कारखान्याची माहिती आहे आणि दरवर्षी चवथीला (गणेश चतुर्थीला) व दिवाळीला नव्याने काढलेली भेटपेट्यांची पानेही आहेत.

अडचण अशी आहे की, गूगलवरून येणारे बहुतेक लोक सोलकढीच्या पाककृतीवर उतरतात आणि तिथूनच परत जातात. त्याखालोखाल वाचक प्रतींच्या लेखाला मिळतात. ज्या पानासाठी एवढा खटाटोप केला, त्या घाऊक विक्रीच्या पानापर्यंत मात्र क्वचितच कोणी पोहोचतो. शिवाय सर्च कन्सोल या, संकेतस्थळाची शोधातली स्थिती दाखवणाऱ्या गूगलच्या साधनामध्ये काही उत्पादनांच्या पानांसमोर ‘सापडले, पण सध्या इंडेक्समध्ये नाही’ अशा अर्थाचा शेरा दिसतो, म्हणजे ती पाने गूगलच्या शोधसूचीत आलेली नाहीत.

अंतर्गत दुवे, म्हणजे संकेतस्थळाच्या एका पानावरून त्याच्याच दुसऱ्या पानाकडे नेणारे दुवे, नीट नाहीत, यावर आम्ही विचारलेल्या सर्वांचे एकमत आहे, परंतु उपाय प्रत्येकाने वेगळा सांगितला. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याचे म्हणणे असे की, एक प्लगइन (संकेतस्थळाला जोडायचा छोटा प्रोग्राम) बसवावे, म्हणजे लेखांत जिथे जिथे ‘काजू’ हा शब्द येईल तिथे तिथे उत्पादनाचा दुवा आपोआप लागेल. एका परिचितांनी ‘सायलो’ पद्धत सुचवली, म्हणजे काजूच्या पानांवरून फक्त काजूच्याच पानांना दुवे द्यायचे आणि कोकमाचा विभाग पूर्णपणे वेगळा ठेवायचा. तिसरा सल्ला असा की, सगळ्या उत्पादनांचे दुवे प्रत्येक पानाच्या तळाशी फूटरमध्ये टाकावेत आणि संपर्क, गोपनीयता धोरण अशा पानांच्या दुव्यांना ‘नोफॉलो’ (हा दुवा मोजू नये, अशी शोधयंत्रांना दिलेली खूण) लावावे, जेणेकरून दुव्यांतून मिळणारे सगळे वजन, म्हणजे गूगलच्या लेखी असलेले महत्त्व, उत्पादनांकडे वळेल. यांपैकी कोणती पद्धत आमच्यासारख्या लहान व्यवसायाला योग्य ठरेल? मराठी व इंग्रजी पानांनी एकमेकांना दुवे द्यावेत की देऊ नयेत, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : वेबकाम_म्हापसा

नमस्कार. तुम्हाला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांत सगळी पाने सारख्याच महत्त्वाची आहेत, असे गृहीत धरलेले दिसते. तुमचा हेतू घाऊक मागणी मिळवणे हा असेल, तर पद्धत ठरवण्याआधी पाने ठरवावी लागतील. १४० पानांपैकी कोणत्या पानांवरून धंदा येतो किंवा यायला हवा, हे तुम्ही आणि तुमचे हिशेब पाहणारे यांनी एकत्र बसून ठरवावे. माझ्या अंदाजाने ती यादी आठ-दहा पानांच्या पलीकडे जाणार नाही: घाऊक विक्री, अख्खे काजूगर, पाकळी व तुकडा, सालीसकट भाजलेले काजू, आगळ, आमसुले, भेटपेटी आणि असेच आणखी एखाददुसरे. ही यादी हाती आली की मग प्रत्येक दुव्याविषयी एकच प्रश्न विचारायचा असतो: हे पान वाचणाऱ्या माणसाला यानंतर काय हवे असेल, आणि ते यादीतल्या कोणत्या पानावर आहे?

आता तुमची सर्वाधिक वाचली जाणारी दोन पाने घेऊ. सोलकढीची कृती वाचणारा माणूस बहुधा स्वयंपाकघरात उभा असतो. त्याला घाऊक विक्रीच्या पानाकडे ढकलण्यात काहीच अर्थ नाही. ‘आगळ नसल्यास आमसुले कोमट पाण्यात भिजत घालावीत’ असे वाक्य त्या कृतीत असेल, तर ‘आगळ’ या शब्दावर आगळाच्या पानाचा दुवा शोभतो आणि तेवढा पुरतो. प्रतींच्या लेखाचा वाचक मात्र अगदी वेगळा आहे. डब्ल्यू-२४० आणि डब्ल्यू-३२० यांतील फरक जो वाचायला येतो, त्याला एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात याच्याशी कर्तव्य असते, आणि असा माणूस एक तर विकत घेणारा असतो किंवा विकणारा. तुमचे घाऊक गिऱ्हाईक याच लेखावर येत आहे आणि वाचून निघून जात आहे. त्या लेखात एखादा परिच्छेद असा असावा: ‘काजू कतलीसाठी अख्खा गर लागत नाही. तो वाटूनच घ्यायचा असल्यामुळे पाकळी किंवा तुकडा चालतो आणि स्वस्तही पडतो. मिठाईच्या दुकानांसाठी घाऊक दरातील काजू पाकळी व तुकडा आम्ही पुरवतो.’ यातल्या ‘घाऊक दरातील काजू पाकळी व तुकडा’ एवढ्या शब्दांवर दुवा द्यावा. दुवा कुठे नेतो हे वाचकालाही कळते आणि गूगललाही. ‘येथे क्लिक करा’ किंवा ‘अधिक माहिती’ अशा शब्दांतून दोघांनाही काही कळत नाही. गूगलच्या मार्गदर्शक सूचनांतही दुव्याचा मजकूर वर्णनपर, नेमका आणि आटोपशीर असावा, असेच सांगितले आहे.

प्लगइनचा मार्ग मला पटत नाही, आणि त्याचे कारण याच उदाहरणात आहे. ‘काजू’ हा शब्द सोलकढीच्या पानावर, कारखान्याच्या इतिहासात, प्रतींच्या लेखात आणि परताव्याच्या अटींतही येणार. या चारही ठिकाणी वाचकाची गरज निराळी असते, पण प्लगइन चारही ठिकाणांहून एकाच पानाकडे, त्याच शब्दांत दुवा देणार. एका परिच्छेदात तीन-चार दुवे लागोपाठ आले की कोणता महत्त्वाचा हे वाचकाला ओळखता येत नाही, आणि दुवे एकमेकांना चिकटून देऊ नयेत, हेही गूगलने स्पष्टपणे म्हटले आहे. पुढे एखादे उत्पादन बंद झाले, तर हे सगळे दुवे एकदम निकामी होतात, ते वेगळेच. १४० पानांचे काम हाताने करण्याजोगे आहे, म्हणून ते हातानेच करावे.

‘नोफॉलो’चा सल्ला जुन्या काळातला आहे. हा गुणधर्म २००५ मध्ये प्रामुख्याने ब्लॉगवरील अनाहूत जाहिरातींच्या प्रतिक्रियांसाठी आला. पुढे काहींनी तो स्वतःच्याच पानांना लावून उरलेले वजन हव्या त्या पानांकडे वळवण्याचा प्रयोग सुरू केला. असे केल्याने ते वजन इतर दुव्यांकडे वळत नाही, ते वायाच जाते, हे गूगलच्या बाजूने २००९ मध्येच जाहीर झाले आहे. संपर्काच्या पानाला ‘नोफॉलो’ लावून काहीही मिळणार नाही. शिवाय ज्या व्यवसायाला घाऊक चौकशा हव्या आहेत, त्याच्या दृष्टीने संपर्काचे पान दुय्यम कसे ठरेल?

वजनाचा हा विषय निघालाच आहे, तर थोडे मुळाकडे जातो. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना १९९८ मध्ये जी पेजरँकची, म्हणजे दुव्यांवरून पानाचे महत्त्व मोजण्याची, मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात एखाद्या पानाला मिळालेले वजन त्यावरून निघणाऱ्या दुव्यांमध्ये वाटले जाते आणि प्रत्येक टप्प्यावर ते ०.८५ या गुणकाने कमी होते. आज गूगल इतर असंख्य गोष्टी विचारात घेत असले, तरी पेजरँक अजूनही त्याच्या यंत्रणेचा एक भाग आहे. या मांडणीतून तुम्हाला उपयोगी पडतील असे दोन निष्कर्ष निघतात. मुखपृष्ठापासून पान जितके दूर, तितके त्याच्यापर्यंत कमी पोहोचते, आणि एका पानावर जितके जास्त दुवे, तितका प्रत्येकाचा वाटा लहान होतो. फूटरमध्ये सगळी उत्पादने ओतण्याची कल्पना या दुसऱ्या कारणाने कमकुवत ठरते. पानावरील दुव्याची जागा, अक्षरांचा आकार अशा गोष्टींवरून तो दाबला जाण्याची शक्यता मोजावी आणि त्यानुसार त्याला वजन द्यावे, असे गूगलचे एक पेटंटही २०१० मध्ये मंजूर झालेले आहे. पेटंटमधली प्रत्येक गोष्ट वापरात असतेच असे नाही, परंतु वाचकाच्या वागण्याशी ही कल्पना जुळते, कारण तळाशी असलेली चाळीस नावांची यादी कोणीही वाचत नाही. फूटरमध्ये घाऊक विक्री, संपर्क, पाठवणीच्या अटी आणि मुख्य विभाग एवढे ठेवावे.

जी उत्पादने इंडेक्समध्ये येत नाहीत, त्यांच्याबाबत मला एक वेगळीच शंका आहे. तुमच्या उत्पादनांच्या यादीत पहिली दहा-बारा उत्पादने दिसून पुढे ‘आणखी पाहा’ असे बटण आहे का, हे तपासावे. गूगलचा क्रॉलर, म्हणजे संकेतस्थळांची पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, बटणे दाबत नाही. पानाच्या कोडमध्ये ‘ए’ टॅगमध्ये ‘एचरेफ’ने दिलेला पत्ता, म्हणजे खरा दुवा, त्याला दिसला, तरच तो पुढे जातो. बटणामागे दडलेली उत्पादने साइटमॅपमधून (संकेतस्थळाने शोधयंत्रांना दिलेल्या पत्त्यांच्या यादीतून) त्याला कळत असतील, म्हणून ती ‘सापडली’ आहेत, परंतु एकाही पानावरून त्यांना दुवा नसल्यामुळे ती महत्त्वाची आहेत असे त्याला वाटण्याचे काही कारण उरत नाही. यादीला पान १, पान २ असे खरे दुवे दिले की ही अडचण बरीचशी सुटेल. मुखपृष्ठावर उत्पादनांची छायाचित्रेच दुवे म्हणून वापरली असतील, तर प्रत्येक छायाचित्राला पर्यायी मजकूर लिहावा, कारण छायाचित्राच्या दुव्यात तोच मजकूर दुव्याचे शब्द म्हणून धरला जातो. कॅमेऱ्याने दिलेला फाइलचा क्रमांक तिथे राहिला असेल, तर तो दुवा मुकाच म्हणायचा.

आणखी एक गोष्ट पाहावी. डब्ल्यू-२४० पाव किलो, अर्धा किलो आणि एक किलो अशी तीन स्वतंत्र पाने केली असतील, तर ती एकत्र करून एकाच पानावर वजनाचे पर्याय द्यावेत. वूकॉमर्समध्ये ही सोय आहे. दुवे तीन सारख्या पानांत विखुरण्यापेक्षा एका पानावर जमलेले बरे.

उत्तर : फोंडा_डिजिटल

वेबकाम यांच्या उत्तरातील बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, विशेषतः प्लगइन आणि नोफॉलो यांच्याबाबतीत. तरीही सायलो पद्धतीचा त्यांनी उल्लेखही केला नाही, हे मला खटकले, कारण लहान व्यवसायांच्या संकेतस्थळांवर शिस्तीचा अभाव हाच मुख्य दोष असतो, असा माझा या कामातला अनुभव आहे. जो तो आपल्या मनाला येईल तसे दुवे देत जातो आणि वर्षभरात कोणते पान कोणाच्या हाताखाली आहे, याचा पत्ता लागत नाही.

माझी सूचना अशी आहे की, ‘काजू’ आणि ‘कोकम’ या दोन विभागांसाठी दोन भक्कम पाने लिहावीत. काजूच्या पानावर गोव्यातील काजूची थोडक्यात ओळख असावी, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हे झाड भारतात आणले इथपासून ते आजच्या प्रक्रियेपर्यंतची माहिती दोन-चार परिच्छेदांत यावी, आणि मग अख्खे गर, पाकळी, तुकडा, सालीसकट, मसाला लावलेले अशा प्रत्येक प्रकाराकडे दुवा जावा. प्रत्येक उत्पादनाच्या आणि लेखाच्या पानावरून परत या विभागाच्या पानाकडे दुवा असावा. पानाच्या वरच्या बाजूला ‘मुखपृष्ठ › काजू › अख्खे गर › डब्ल्यू-२४०’ अशी वाट दाखवणारी ओळ ठेवली की हे काम आपोआपच होते. मोबाइलवरील शोधनिकालांत ही ओळ दाखवणे गूगलने जानेवारी २०२५ पासून बंद केले असले, तरी तुमच्या पानावर तिचे दुवे पूर्वीइतकेच उपयोगी आहेत आणि ती काढून टाकण्याचे काहीच कारण नाही.

एवढे झाल्यावर दोन विभागांमध्ये दुवे देणे टाळावे, असे मी सुचवीन. कोणता विभाग कशाविषयी आहे, हे त्यामुळे स्वच्छ राहते, आणि नव्याने काम करणाऱ्यालाही नियम समजावून सांगणे सोपे जाते.

उत्तर : कुळागर_सावईवेरे

मी या क्षेत्रातला तज्ज्ञ नाही. सावईवेऱ्याला आमचे कुळागर, म्हणजे सुपारी-मसाल्यांची बाग, आहे, पर्यटकांना आम्ही ते दाखवतो, जेवण देतो आणि मसाले विकतो. त्यामुळे संकेतस्थळावर येणारा माणूस कसा फिरतो, हे रोज पाहण्याची संधी मला मिळते आणि त्या आधारावर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

फोंडा_डिजिटल यांनी सांगितलेली विभागांची रचना मला मनापासून आवडली, मात्र दोन विभागांत भिंत घालण्याला माझा विरोध आहे. आमच्याकडे मिरीच्या पानावर आलेला माणूस जायफळाकडे जातो, तिथून जेवणाच्या पानाकडे जातो, आणि जेवणाचे पान वाचूनच भेटीची वेळ ठरवतो. ही वाट आम्ही विभाग वेगळे ठेवण्याच्या नावाखाली बंद केली असती, तर नुकसान आमचेच होते. काजूगर यांच्या भेटपेटीत काजू आणि कोकम दोन्ही असणार. मग ते पान कोणत्या विभागात टाकायचे आणि दुसऱ्या विभागातून त्याला दुवा का द्यायचा नाही? दोन वेगळ्या विषयांच्या पानांनी एकमेकांना दुवा देऊ नये, असा गूगलचा नियम नाही. ज्या पानाची आपल्याला पर्वा आहे, त्या प्रत्येक पानाला आपल्याच संकेतस्थळावरच्या निदान एका पानावरून दुवा असावा, एवढीच अपेक्षा त्यांच्या सूचनांत आहे, आणि दुव्यांची कोणतीही आदर्श संख्या त्यांनी दिलेली नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. गोव्यात हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, कारण घरची भाषा एक, गिऱ्हाइकाची दुसरी आणि बाहेरून येणाऱ्याची तिसरी असते. आम्ही असे ठरवले की, मराठी पानाच्या मजकुरातील दुवे मराठी पानांकडेच जातील आणि इंग्रजी पानांतील इंग्रजीकडे. मराठीत वाचत असलेल्या माणसाला मध्येच इंग्रजी पानावर नेऊन सोडले, की तो पुढे वाचत नाही. दोन भाषांना जोडणारा दुवा फक्त वरच्या भाषाबदलाच्या बटणात आहे. इथे बारकाईने पाहण्यासारखी बाब अशी की, मिरीच्या मराठी पानावरून भाषा बदलली, तर मिरीचेच इंग्रजी पान उघडले पाहिजे. बऱ्याच संकेतस्थळांवर ते बटण माणसाला इंग्रजी मुखपृष्ठावर आणून सोडते आणि त्याला सगळे पुन्हा शोधावे लागते. दोन्ही पानांत ‘एचरेफलँग’ची, म्हणजे त्याच पानाची दुसऱ्या भाषेतील आवृत्ती कोणती हे सांगणारी, नोंद परस्परांकडे केलेली असावी. ती एकाच बाजूने असेल, तर गूगल ती ग्राह्य धरत नाही.

एखादे पान एकाच भाषेत असेल आणि ते खरोखरच उपयोगी असेल, तर त्याला दुसऱ्या भाषेतून दुवा द्यायला हरकत नाही, मात्र ‘हे पान इंग्रजीत आहे’ असे शेजारी लिहावे. वाचकाचा विश्वास राखायचा, तर एवढे करणे आपले कर्तव्यच आहे.

प्रतिसाद : काजूगर_डिचोली

आपण सर्वांनी इतक्या तपशिलात जाऊन लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. ‘आणखी पाहा’चे बटण आमच्याकडे आहे, आणि जी उत्पादने इंडेक्समध्ये नाहीत, ती सर्व त्या बटणापलीकडचीच आहेत, हे आज ताडून पाहिले. संकेतस्थळ बनवणाऱ्याला यादीची पाने पाडून द्यायला सांगितले आहे.

दोन शंका अजून आहेत. पहिली हंगामाविषयी. ओले काजू आम्ही उन्हाळ्यात थोडे दिवसच देऊ शकतो आणि त्यानंतर ते पान लपवतो. चवथीच्या भेटपेटीचे पानही सण संपला की मागे पडते आणि पुढच्या वर्षी नवे तयार होते. अशा पानांना दुवे द्यावेत का? दुसरी शंका अशी की, एवढे सगळे बदल केल्यावर त्यांचा उपयोग होतो आहे की नाही, हे कशावरून ओळखायचे?

उत्तर : वेबकाम_म्हापसा

हंगामी पानांचा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार चांगले झाले, कारण गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक व्यवसायाला तो लागू पडतो. चवथीच्या भेटपेटीसाठी दरवर्षी नवे पान काढू नये. पत्त्यात वर्ष न घालता एकच कायमचे पान ठेवावे आणि दरवर्षी त्यावरचा मजकूर, छायाचित्रे व दर बदलावेत. असे केले की मागच्या वर्षी बाहेरून मिळालेले आणि आतून दिलेले सगळे दुवे त्याच पानावर साठत जातात. आतापर्यंत काढलेली जुनी पाने ३०१ पुनर्निर्देशनाने (जुना पत्ता उघडणाऱ्याला कायमचे नव्या पत्त्यावर नेण्याच्या सोयीने) या कायमच्या पानाकडे वळवावीत, आणि संकेतस्थळावरच जिथे जिथे जुने पत्ते दिले असतील, तिथे ते हाताने बदलून नवा पत्ता घालावा. आपल्याच घरातले दुवे पुनर्निर्देशनाच्या वळशाने नेण्यात शहाणपण नाही. सण जवळ येऊ लागला की, सुमारे दीड-दोन महिने आधीपासून, मुखपृष्ठावरून या पानाला ठळक दुवा द्यावा आणि सण सरल्यावर तो काढावा. काजू आणि कोकम या दोन्ही विभागांच्या पानांवरून त्याला असलेला साधा दुवा मात्र वर्षभर राहू द्यावा.

ओल्या काजूंचे पान लपवू नये. लपवले की गूगल काही काळाने ते विसरते आणि पुढच्या हंगामात सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. हंगाम संपला की, ‘ओले काजू आता पुढच्या हंगामात मिळतील’ असे ठळकपणे लिहावे, चौकशी नोंदवण्याची सोय द्यावी, आणि वर्षभर मिळणाऱ्या काजूगराकडे दुवा द्यावा. ओल्या काजूची उसळ करायला निघालेल्या माणसाला भिजवलेल्या सुक्या गरांनी ती कशी करता येते, याची कृती तुमच्याकडे असेल, तर तिचाही दुवा इथेच शोभेल.

सायलोबद्दल फोंडा_डिजिटल आणि कुळागर यांच्यात जो मतभेद आहे, त्यात मी कुळागर यांच्या बाजूने आहे, पण फोंडा_डिजिटल यांनी सुचवलेली विभागांची दोन भक्कम पाने मात्र अवश्य लिहावीत. विभागाचे पान, त्याखालची पाने आणि खालून वर परतणारे दुवे ही चौकट कायम ठेवावी, आणि वाचकाची गरज ज्या ठिकाणी दुसऱ्या विभागात जाते, त्या ठिकाणी बिनदिक्कत आडवा दुवा द्यावा. तुमच्या व्यवसायात अशी ठिकाणे थोडीच निघतील: भेटपेटी, घाऊक विक्री आणि एखाद-दुसरी पाककृती.

आता मोजमापाकडे येतो. काम सुरू करण्याआधी सर्च कन्सोलमधील ‘दुवे’ या अहवालातून अंतर्गत दुव्यांची यादी उतरवून घ्यावी. संपर्क आणि गोपनीयता धोरण ही पाने त्या यादीत वरच्या बाजूला असतील, कारण ती प्रत्येक पानाच्या तळाशी आहेत, आणि त्यात चिंता करण्यासारखे काही नाही. पाहायचे ते हे की, तुम्ही ठरवलेली आठ-दहा पाने त्या यादीत कुठे आहेत आणि कोणत्या पानांवरून त्यांना दुवे आहेत. स्क्रीमिंग फ्रॉग नावाचे एक साधन आहे, त्याच्या विनामूल्य आवृत्तीत ५०० पत्त्यांपर्यंत तपासणी होते, म्हणजे तुमचे संपूर्ण संकेतस्थळ त्यात बसण्याची शक्यता मोठी आहे. प्रत्येक पान मुखपृष्ठापासून किती क्लिकवर आहे, हे ते दाखवते. ठरवलेली पाने दोन क्लिकच्या आत आणि बाकीची तीनच्या आत असावीत, असा नियम मी माझ्या कामात पाळतो. हा गूगलचा नियम नाही, परंतु १४० पानांच्या संकेतस्थळावर तो सहज पाळता येतो. साइटमॅपमध्ये आहे पण या तपासणीत सापडले नाही, असे प्रत्येक पान दुव्यांवाचून अनाथ पडलेले आहे, असे समजावे.

तपासणी मोबाइलच्या दृष्टीने करावी. गूगल आता संकेतस्थळाची मोबाइलवरील आवृत्तीच प्रामुख्याने वाचते, आणि हा बदल ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाल्याचे त्यांनी जाहीर केले आहे. संगणकावर उजव्या बाजूला दिसणारी ‘संबंधित उत्पादने’ मोबाइलवर गाळली गेली असतील, तर ते दुवे नसल्यात जमा आहेत. क्रॉलर ठरावीकच पाने वाचतो, अशा त्याच्या मर्यादेची धास्ती तुम्हाला कोणी घातली, तर तिकडे लक्ष देऊ नये. गूगलचे त्याविषयीचे मार्गदर्शन प्रामुख्याने दहा लाखांहून अधिक पानांच्या, किंवा दहा हजारांहून अधिक पाने रोज बदलणाऱ्या संकेतस्थळांसाठी आहे.

परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून सगळे बदल एकाच दिवशी करू नयेत. आधी यादीची पाने आणि छायाचित्रांचा मजकूर सुधारावा, त्यानंतर प्रतींच्या लेखातून घाऊक पानाकडे जाणारे दुवे द्यावेत, आणि मग विभागांची पाने लिहावीत. प्रत्येक टप्प्याची तारीख लिहून ठेवावी, म्हणजे कोणत्या बदलाने काय घडले, हे निदान ढोबळपणे तरी सांगता येईल. सर्च कन्सोलमध्ये घाऊक पान किती वेळा शोधनिकालांत दिसले, हे पाहावे, परंतु मुख्य लक्ष चौकशीच्या अर्जावर ठेवावे. ‘आमच्याविषयी आपल्याला कुठल्या पानावरून कळले’ असा एक रकाना त्या अर्जात घालावा, आणि दूरध्वनीवरून चौकशी आली तर तोच प्रश्न तुमच्या माणसाने विचारून नोंदवून घ्यावा. मिठाईवाले आणि केटरर अर्ज भरण्यापेक्षा सरळ फोन करणेच पसंत करतात, म्हणून घाऊक पानावर आणि प्रतींच्या लेखातील त्या परिच्छेदाखालीही दूरध्वनी क्रमांक दाबता येईल अशा स्वरूपात द्यावा.